माश्यांच्या खोलीतला मॉर्गन

आपल्यापैकी निम्म्यांनी बारावीला बायॉलॉजी घेतलंच नव्हतं, आणि उरलेल्यांनी सीईटी संपल्या दिवशी ती पुस्तकं रद्दीत घातली. तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात माश्यांवर लेख कशाला, असं कुणालाही वाटेल. (मेसमधल्या माश्यांवर असता तर समजू शकलो असतो!) पण ज्याच्याबद्दल लिहितोय त्या माणसाने आयुष्याची शेवटची सतरा वर्षं एका टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये काढली. आणि त्याच्या प्रयोगशाळेतला एक मोठा शोध पदवीला असलेल्या एका पोराने, कॉलेजचा होमवर्क बाजूला सारून, एका रात्रीत लावला. एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

माणसाचं नाव थॉमस हंट मॉर्गन. जन्म २५ सप्टेंबर १८६६, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं लेक्झिंग्टन गाव. घराणं नावाजलेलं. काका जॉन हंट मॉर्गन हा अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेला घोडदळाचा सेनानी, तर आईचे आजोबा फ्रान्सिस स्कॉट की, म्हणजे ज्यांचं काव्य पुढे अमेरिकेचं राष्ट्रगीत झालं ते. दक्षिण हरली आणि घराण्याचं वैभव ओसरलं. योगायोग असा की त्याच १८६६ साली ग्रेगोर मेंडेल नावाच्या धर्मगुरूचा वाटाण्यांवरचा निबंध ब्र्यून शहरात छापून आला. त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तो पुन्हा उजेडात यायला १९०० साल उजाडावं लागलं.

शिक्षण भराभर झालं. १८८६ मध्ये केंटकीत पदवी, १८९० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट, विषय समुद्रकोळी. मग ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात तेरा वर्षं नोकरी. मधे एक वर्ष इटलीत नेपल्सच्या सागरी प्रयोगशाळेत गेलं, आणि तिथे त्याला प्रयोगाची चटक लागली. नुसतं कापून, पाहून, चित्र काढून भागत नाही. सजीवाला प्रश्न विचारायचा आणि उत्तर त्याच्याकडूनच काढायचं, हे वळण तिथलं. गांडुळाचा तुकडा केला तर कुठला भाग पुन्हा वाढतो, यावर त्याने १९०१ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं.

आता गंमत बघा. आज मॉर्गनचं नाव ज्या सिद्धांतासाठी घेतात, त्या सिद्धांतावर १९१० पर्यंत त्याचा विश्वासच नव्हता! पेशीच्या केंद्रकात धाग्यांसारखी गुणसूत्रं, म्हणजे क्रोमोसोम, असतात आणि मेंडेलने सांगितलेले आनुवंशिक घटक त्यांच्यावर बसलेले असतात, असं काही मंडळी म्हणत होती. मॉर्गनला हे हवेतलं वाटायचं. प्रत्येक गुणासाठी एक न दिसणारा घटक कल्पायचा, आणि गणित जमलं नाही की आणखी एक कल्पायचा, हे त्याला पटेना. त्याची स्वतःची ब्रिन मॉरची विद्यार्थिनी नेटी स्टीव्हन्स हिने १९०५ मध्ये पिठातल्या किड्यांच्या पेशी तपासून दाखवून दिलं होतं की नर का मादी हे एका विशिष्ट गुणसूत्रावर ठरतं. गुरुजींनी तेही लगेच मान्य केलं नाही. स्टीव्हन्स १९१२ मध्ये वारली, आणि पाठ्यपुस्तकांत तिचं नाव यायला पुढे कैक वर्षं लागली. शंका घेणं हा शास्त्रज्ञाचा धर्म खरा, पण इथे मॉर्गनने जरा ताणलंच असं माझं मत आहे.

१९०४ मध्ये दोन गोष्टी झाल्या. ब्रिन मॉरचीच जुनी विद्यार्थिनी आणि स्वतः उत्तम संशोधक असलेल्या लिलियन सॅम्पसनशी लग्न, आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रोफेसरकी. तिथे १९०८ च्या सुमारास त्याने फळमाश्या पाळायला घेतल्या. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारं ते इवलंसं चिलट, तीच ही ड्रॉसोफिला. खर्च जवळजवळ शून्य. दुधाच्या बाटलीत केळं टाकलं की शेकडो माश्या राहतात, दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार, आणि गुणसूत्रांच्या जोड्या फक्त चार. वर्षाला पंचवीस-तीस पिढ्या! माणसाच्या तेवढ्या पिढ्या मोजायच्या तर शिवाजी महाराजांच्याही मागे जावं लागेल.

शेर्मरहॉर्न हॉलमधली ६१३ नंबरची खोली. लांबी-रुंदी २३ फूट बाय १६ फूट, म्हणजे आपल्या होस्टेलच्या दोन खोल्या जोडल्यासारखी, आणि तिच्यात आठ टेबलं. कोपऱ्यात केळ्यांचा घड लटकलेला, सगळीकडे बाटल्या, ड्रॉवर उघडला की झुरळं. बाटल्यांपैकी काही लोकांच्या दारातून पहाटे उचललेल्या होत्या असं सांगतात. मॉर्गनचा अवतारही खोलीला शोभेसा. पट्टा सापडला नाही तर सुतळी बांधायची. बाकीचे सूक्ष्मदर्शकाखाली माश्या मोजत, हा घड्याळजीसारखं भिंग डोळ्याला लावून मोजायचा आणि मोजून झालेल्या माश्या तिथल्या तिथेच चिरडून टाकायचा. विद्यापीठाचा पैसा खर्च करताना महाकंजूष, मात्र एखाद्या पोराची नड असली तर स्वतःच्या खिशातून गुपचूप देणारा. या खोलीला फ्लाय रूम असं नाव पडलं.

दोन वर्षं काहीच हाती लागलं नाही. माश्यांना उष्णता दिली, ॲसिड दिलं, रेडियमजवळ ठेवलं. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या त्याच लाल डोळ्यांच्या. भेटायला आलेल्या एका सहकाऱ्याला बाटल्यांच्या रांगा दाखवून त्याने दोन वर्षं फुकट गेल्याचं सांगून टाकलं होतं.

आणि १९१० मध्ये एका बाटलीत एक नर निघाला, पांढऱ्या डोळ्यांचा.

या एका माशीची मॉर्गनने तळहातावरच्या फोडासारखी काळजी घेतली. लाल डोळ्यांच्या मादीशी तिचा संकर केला. पिल्लं १,२३७, सगळी लाल. (तीन नर पांढरे निघाले होते. ते वेगळं प्रकरण म्हणून त्याने बाजूला ठेवले. रीडिंग कर्व्हवर बसत नसलं की आपण काय करतो ते आठवा!) मग या पिल्लांचा आपापसात संकर केला. २,४५९ लाल माद्या, १,०११ लाल नर आणि ७८२ पांढरे नर. मेंडेलच्या हिशेबाने तीनास एक यायला हवं होतं. पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या जरा अशक्त असल्यामुळे त्या कमी भरल्या, ते एक वेळ ठीक. पण पांढऱ्या डोळ्यांची मादी एकसुद्धा नाही, हे काय?

मादीच संभवत नाही म्हणावं तर तसंही नव्हतं. त्याच पांढऱ्या नराचा पहिल्या पिढीतल्या, म्हणजे त्याच्याच मुलींशी संकर केल्यावर पांढऱ्या डोळ्यांच्या माद्याही निघाल्या. मग उत्तर एकच उरलं. मादीत एक्स गुणसूत्रं दोन, नरात एकच. डोळ्यांचा रंग ठरवणारा घटक त्या एक्सवर बसलेला आहे. नराच्या एकुलत्या एक्सवर पांढरा आला की झाकायला दुसरा नसतो, म्हणून तो दिसतो. ज्या विचाराची मॉर्गन टर उडवायचा, तोच त्याच्या बाटलीतून बाहेर पडला होता. जुलै १९१० मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं, आणि गंमत म्हणजे गुणसूत्रांच्या सिद्धांतावर शंका घेणारा त्याचा आधी लिहिलेला लेखही त्याच वर्षी छापून आला. चव्वेचाळिसाव्या वर्षी, नावारूपाला आलेल्या प्रोफेसरने चारचौघांत मत बदलायचं! आपल्याकडे व्हायवाला एक्स्टर्नलसमोर चुकलेलं उत्तर बदलतानासुद्धा जीभ अडखळते.

आता पोरांकडे येऊ. कोलंबियातल्या चोवीस वर्षांत मॉर्गनने प्राणिशास्त्राच्या प्राथमिक वर्गाला सुरुवातीची लेक्चर्स फक्त एकदाच दिली, १९०९ मध्ये. नेमके त्याच वर्गात दोन विद्यार्थी होते, आल्फ्रेड स्टर्टेव्हंट आणि कॅल्विन ब्रिजेस. ब्रिजेस अनाथ, पैशांची चणचण. त्याला बाटल्या धुवायचं काम मिळालं. एकदा धुवायला आलेल्या बाटलीच्या जाड काचेतून त्याला नुसत्या डोळ्यांनी एक शेंदरी डोळ्यांची माशी दिसली. मॉर्गनने त्याला मोरीवरून उठवून टेबलावर बसवला. स्टर्टेव्हंटची गोष्ट उलटी. तो जन्मतः रंगांधळा, लाल-हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नसे. (हा दोषही एक्स गुणसूत्रावरचाच, पांढऱ्या डोळ्यांसारखाच पोराला आईकडून येणारा.) पण आकड्यांत आणि वंशावळींत त्याचं डोकं जबरदस्त चालायचं. शेतावर वडिलांचे घोडे होते, त्यांच्या रंगांची वंशावळ लावत त्याने एक टिपण लिहिलं, थोरल्या भावाच्या सांगण्यावरून मॉर्गनला नेऊन दाखवलं, आणि मॉर्गनने ते १९१० मध्ये छापून आणवलं. खोलीत टेबल मिळालं ते या घोड्यांमुळे.

एव्हाना एक्सवर बसलेले आणखी गुण सापडले होते. पिवळं अंग, पांढरे डोळे, शेंदरी डोळे, छोटे पंख, खुरटे पंख. एकाच गुणसूत्रावर आहेत म्हणजे ते जोडीनेच पुढे जायला हवेत. पण तसं नेहमी होत नव्हतं. काही जोड्या क्वचित फुटत, काही सारख्या फुटत. बेल्जियमच्या यान्सेन्सने १९०९ मध्ये सुचवलं होतं की जननपेशी तयार होताना जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांत अडकून तुकड्यांची अदलाबदल करतात. कल्पना करा, एक लाल मण्यांची माळ आणि एक पांढऱ्या मण्यांची. दोन्ही शेजारी धरून कुठेतरी एकाच जागी कापायच्या आणि तुकडे उलटसुलट बांधायचे. शेजारशेजारचे मणी सहसा एकत्रच राहतील, दोन टोकांचे बहुधा ताटातूट होणारे. मॉर्गनने म्हटलं की जोडी किती वेळा फुटते ते घटकांमधल्या अंतरावर अवलंबून असणार.

१९११ च्या उत्तरार्धात या विषयावर गप्पा चालल्या असताना स्टर्टेव्हंटच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फुटण्याचं प्रमाण जर अंतरावर ठरत असेल, तर उलट त्या प्रमाणावरून अंतर काढता येईल, आणि अंतरं मिळाली की क्रम लावता येईल. तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता. आकडे घेऊन घरी गेला, दुसऱ्या दिवशीचा होमवर्क तसाच राहिला, आणि रात्रीचा बहुतेक वेळ जागून त्याने जगातला पहिला जीन मॅप, म्हणजे जनुकांचा नकाशा, काढला.

सिव्हिलवाल्यांना हे पटकन कळेल. एका रेषेवर पाच खुणा आहेत, रेषा दिसत नाही, टेप लावता येत नाही. हातात आहे ते एवढंच की कुठल्या दोन खुणांची ताटातूट शंभरात किती वेळा होते. २१,७३६ माश्यांपैकी २१४ मध्ये पिवळं अंग आणि पांढरे डोळे वेगळे झाले, म्हणजे सुमारे एक टक्का. अंतर १.०. पांढरे ते शेंदरी डोळे २९.७. शेंदरी डोळे ते छोटे पंख ३.०. म्हणून पिवळं अंग ०.० धरलं तर पांढरे डोळे १.० वर, शेंदरी ३०.७ वर, छोटे पंख ३३.७ वर, आणि शेंदरीपासून २६.९ पुढे, ५७.६ वर खुरटे पंख. सरळ बेरीज. क्रम पुढेमागे करून पाहिला तर अंतरं जुळत नाहीत, म्हणून क्रम हाच.

पण इथे एक पाचर होती. पिवळं अंग आणि खुरटे पंख यांची ताटातूट थेट मोजली तर ती फक्त ३७.६ भरत होती. बेरीज ५७.६, माप ३७.६! आपण असतो तर चेन ओढणाऱ्या पार्टनरवर खापर फोडून मोकळे झालो असतो. स्टर्टेव्हंटने कारण शोधलं. लांबच्या दोन मण्यांच्या मधे माळ दोनदा कापली गेली, तर दोन्ही टोकं फिरून एकत्र येतात आणि अदलाबदल झाल्याचं कळतच नाही. म्हणजे लांबची मापं नेहमी कमीच भरणार. म्हणून जवळजवळच्या खुणा मोजून बेरीज करणं हेच बरोबर. १९१३ मध्ये हा निबंध छापला गेला. माश्या मॉर्गनच्या, खोली मॉर्गनची, मूळ कल्पनाही बरीचशी मॉर्गनची, पण लेखक म्हणून नाव एकट्या स्टर्टेव्हंटचं. ज्यांनी फायनल इयरचं प्रोजेक्ट केलंय त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

पुढे १९३३ नंतर माशीच्या लाळग्रंथीतल्या जाडजूड गुणसूत्रांवरचे पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येऊ लागले आणि १९३५ मध्ये ब्रिजेसने त्यांचा तपशीलवार नकाशा काढला. अंतरं थोडी इकडेतिकडे झाली, कारण माळ सगळीकडे सारखी कापली जात नाही. क्रम मात्र तोच राहिला. नियमाबाहेरच्या विक्षिप्त माश्या बाजूला न टाकता त्यांचा पिच्छा पुरवणाराही ब्रिजेसच. कधीकधी दोन एक्स वेगळी न होता एकाच अंड्यात जातात, हे त्याने दाखवलं, आणि जनुकं गुणसूत्रांवरच असतात याबद्दल बहुतेकांची शंका मिटली. या नकाशाच्या एककाला जे. बी. एस. हाल्डेनने मॉर्गनचंच नाव दिलं. शंभरात एक ताटातूट म्हणजे एक सेंटीमॉर्गन. हाच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. रक्त न गोठण्याचा आजार आणि रंगांधळेपणा हे माणसाच्या एक्सवर जवळजवळ बसलेले आहेत, हे त्याने ज्युलिया बेलबरोबर १९३७ मध्ये दाखवलं होतं. पद्धत तीच, फक्त बाटल्यांऐवजी कुटुंबांच्या वंशावळी.

याचा शेतीला काय उपयोग, असं विचाराल तर एक उदाहरण देतो. पूर्व भारतात स्वर्णा हा भात फार लावतात, पण पुरात आठवडाभर बुडाला की संपला. ओडिशातल्या एका जुन्या वाणातून आलेला एफआर-१३ए हा भात दोन आठवडे पाण्याखाली तग धरतो, पण उत्पन्न कमी. दोघांचा संकर केला तर चांगल्याबरोबर नको ते गुणही येतात, आणि ते काढायला पैदास करणाऱ्याची वर्षानुवर्षं जातात. १९९६ मध्ये तग धरण्याचा गुण भाताच्या नवव्या गुणसूत्रावर कुठे आहे ते नकाशात सापडलं. मग दरवेळी रोप बुडवून बघायची गरज राहिली नाही. रोपाच्या डीएनएत त्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या खुणा तपासायच्या, हवा तेवढाच छोटा तुकडा आलेली रोपं ठेवायची आणि पुन्हा स्वर्णाशी संकर करायचा. २००९ मध्ये स्वर्णा-सब१ हा वाण भारतात प्रसारित झाला. उत्पन्न स्वर्णाचं, जीव एफआर-१३एचा.

मॉर्गनच्या हयातीत मात्र आनुवंशिकतेच्या नावाखाली वेगळंच पीक आलं होतं. उत्तम माणसांची पैदास करायची, म्हणजे तथाकथित हलक्या लोकांना मुलं होऊ द्यायची नाहीत, अशी चळवळ अमेरिकेत जोरात होती, आणि अनेक राज्यांत सक्तीच्या नसबंदीचे कायदे झाले. गरिबी, गुन्हेगारी, दारू, सगळ्याला एकेक जनुक चिकटवून मोकळे! माशीच्या डोळ्यांचा रंगसुद्धा अनेक जनुकं मिळून ठरवतात हे ज्याने पाहिलं होतं त्याला हे कसं पटणार? १९१५ मध्ये तो अशा मंडळींच्या समितीतून बाहेर पडला, आणि १९२५ च्या पुस्तकात त्याने लिहिलं की घरची परिस्थिती आणि संगोपन वेगळं काढल्याशिवाय माणसाच्या स्वभावाला आनुवंशिक म्हणता येत नाही. भूमिका बरोबर. पण समिती सोडली ती गाजावाजा न करता. त्याच्या शब्दाला तेव्हा जे वजन होतं ते पाहता त्याने जरा मोठ्याने बोलायला हवं होतं, असं मला वाटतं.

माश्यांच्या खोलीतही सगळं गोडीगुलाबीचं नव्हतं. हर्मन मुलर हा चौथा हुशार गडी. पोटासाठी बाहेर नोकऱ्या करून शिकणारा, त्यामुळे खोलीत कमी वेळ बसणारा. त्याच्या कल्पना गप्पांत यायच्या, आणि ज्याच्या बाटल्या हाताशी तो त्या आधी तपासून छापायचा. आपल्या वाट्याचं श्रेय आपल्याला मिळालं नाही, ही खंत त्याने जन्मभर बाळगली. १९१५ मध्ये चौघांच्या नावाने मेंडेलच्या नियमांवरचं गाजलेलं पुस्तक निघालं खरं, पण मनं जुळली नाहीत. मुलरने पुढे १९२७ मध्ये क्ष-किरणांनी जनुकं बदलता येतात हे दाखवलं आणि १९४६ चं नोबेल मिळवलं.

१९२८ मध्ये, वयाच्या बासष्टीत, जेव्हा लोक पेन्शनचे फॉर्म भरतात, तेव्हा मॉर्गन न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाला गेला. कॅलटेक. तिथे इंजिनिअर, फिजिक्सवाले, केमिस्ट्रीवाले होते, बायॉलॉजीचा विभागच नव्हता. तो त्याने शून्यातून उभा केला. स्टर्टेव्हंट आणि ब्रिजेस बरोबर होतेच. जीवशास्त्राने फिजिक्स-केमिस्ट्रीच्या शेजारी बसावं ही त्याची इच्छा. त्या विभागात काम केलेल्या बीडल, डेलब्रुक आणि लुईस या तिघांना पुढे नोबेल मिळालं, त्यातला लुईस हा स्टर्टेव्हंटचा विद्यार्थी.

मॉर्गनला स्वतःला ते १९३३ मध्ये मिळालं. डिसेंबरच्या समारंभाला तो गेलाच नाही, भाषण द्यायला १९३४ च्या जूनमध्ये स्टॉकहोमला गेला. बक्षिसाच्या रकमेतला वाटा त्याने आपल्या मुलांबरोबर ब्रिजेस आणि स्टर्टेव्हंट यांच्या मुलांच्या शिक्षणासाठीही दिला.

४ डिसेंबर १९४५ ला मॉर्गन पॅसाडीनात वारला. लिलियन मागे राहिली. चार मुलं जरा मोठी झाल्यावर ती पुन्हा माश्यांकडे वळली होती, आणि दोन एक्स गुणसूत्रं कायमची जोडली गेलेली माशी १९२२ मध्ये तिनेच शोधली होती. ती माशी पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली गेली. इतकी वर्षं ती प्रयोगशाळेत येत होती ती पदाशिवाय, पगाराशिवाय. पोरांना एकट्याच्या नावाने निबंध छापू देणाऱ्या नवऱ्याच्याच विभागात. १९४६ मध्ये, पंचाहत्तरीच्या घरात असताना, कॅलटेकने तिची संशोधक म्हणून रीतसर नेमणूक केली. १९५२ मध्ये ती वारली.